शाळा सुटल्यानंतरचे सहा तास

शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हावे, अशी तरतूद आहे. भागाकार केला तर दिवसाला चार तास होतात. मधली सुट्टी, प्रार्थना आणि जाण्यायेण्याचा वेळ धरला तरी सहा-सात वर्षांचे मूल साधारण साडेपाच तासच शाळेच्या हवाली असते. त्याच मुलाचे आईवडील डोंबिवलीहून फोर्टला किंवा वारज्याहून हिंजवडीला कामाला जात असतील, तर सकाळी आठला बाहेर पडलेली ही माणसे रात्री साडेसातच्या आत घरी परतत नाहीत. या दोन वेळापत्रकांमधली तफावत रोज सहा तासांची आहे, आणि दिवाळीची, मे महिन्याची सुट्टी या हिशेबात धरलेलीच नाही. हे सहा तास मूल कोठे आणि कोणाबरोबर असते, हा प्रश्न महाराष्ट्राच्या शहरांनी ज्याच्या त्याच्या घरचा म्हणून सोडून दिला आहे. माझ्या मते तो सार्वजनिक प्रश्न आहे, आणि तसा तो न मानल्यामुळे पाळणाघरातल्या सांभाळाचा दर्जा आपण भलत्याच मापाने मोजत आलो आहोत.

हा प्रश्न किती बेदखल आहे, याचे एक उदाहरण अगदी अलीकडचे आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय काढला. मुलांची झोप पुरी होत नाही, हे त्यामागचे कारण योग्यच होते आणि त्याविषयी माझी काही तक्रार नाही. त्यावर चर्चाही पुष्कळ झाली. स्कूलबसच्या फेऱ्यांचे काय, दोन सत्रांत भरणाऱ्या शाळांनी काय करायचे, शिक्षकांच्या वेळांचे काय, हे सगळे बोलले गेले. पण सकाळी पावणेआठची गाडी पकडणाऱ्या आईने नऊला शाळेत जाणारे मूल तोवर कोणाकडे ठेवायचे, हा प्रश्न त्या चर्चेत क्वचितच ऐकू आला. अनेक घरांनी त्याचे उत्तर आपापले काढले. मूल आता सकाळीही पाळणाघरात जाते, तिथून रिक्षाकाकांबरोबर शाळेत, शाळेतून पुन्हा पाळणाघरात आणि संध्याकाळी घरी. सहा वर्षांचे पोर दिवसातून चार वेळा एका हातातून दुसऱ्या हातात दिले जाते, आणि यातल्या कोणत्याही देवघेवीची नोंद ठेवण्याचे बंधन कोणावरही नाही.

कायद्याकडे पाहिले तर एक विचित्र गोष्ट दिसते. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने पन्नासहून अधिक (१९७६ च्या दुरुस्तीनंतर तीसहून अधिक) स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यात पाळणाघराची खोली सक्तीची केली, ती सहा वर्षांखालील मुलांसाठी. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणे भाग पडले. आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटता यावे, असेही त्यात आले. पुढच्या वर्षी केंद्राने त्यासाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, ती सहा महिने ते सहा वर्षे या वयासाठीच होती. अंगणवाड्यांना जोडून पाळणाघरे चालवण्याची केंद्राची ‘पाळणा’ योजनाही त्याच वयापाशी थांबते, आणि नव्या कामगार संहितांनी तीच रेघ पुढे ओढली आहे. थोडक्यात, मूल सहा वर्षांचे झाले की ते सांभाळाच्या कायद्यातून बाहेर पडते आणि शिक्षणाच्या कायद्यात शिरते, आणि हा दुसरा कायदा त्याला दिवसाचे चार तास देतो. सहाव्या वाढदिवसाला मुलाला स्वतःचे जेवण वाढून घेता येते, कुलूप उघडता येते, तापाच्या औषधाचे माप कळते, अशी कायदा करणाऱ्यांची समजूत असावी.

पाळणाघराच्या खोलीत या वयाच्या मुलाचे काय होते, ते पाहण्यासारखे आहे. आपल्याकडची बहुतेक पाळणाघरे घरगुती असतात. एखाद्या काकू आपल्या दोन खोल्यांच्या घरात आठ-दहा मुले सांभाळतात, हाताशी एखादी मावशी असते. मुले वर्षाच्या बाळापासून चौथीतल्या मुलीपर्यंत सगळ्या वयांची. दुपारी एकच्या सुमारास शाळेतली मुले दप्तरे टाकत आत येतात, हातपाय धुतात, डबा किंवा काकूंचा वरणभात खातात आणि नेमक्या त्याच वेळी लहान बाळे झोपलेली असतात. मग खोलीत एकच आज्ञा फिरते: बाळं झोपलीत, आवाज करायचा नाही. शाळेत चार तास बाकावर बसून आलेल्या मुलाला हुंदडायचे असते आणि वर्गात काय झाले ते भडाभडा सांगायचे असते. त्याऐवजी त्याला सतरंजीवर आडवे व्हावे लागते. माझा मुलगा सात वर्षांचा असताना एका संध्याकाळी जिना चढताना मला सहज म्हणाला, “आज मी दोन तास झोपेचं सोंग केलं.” त्याच्या बोलण्यात गाऱ्हाणे नव्हते, उलट चांगले वठवलेल्या सोंगाचा थोडा अभिमानच होता. काकूंनी दारात नेहमीप्रमाणे सांगितलेही होते, “अगदी शहाणा आहे हो, त्रास म्हणून नाही.” त्या वाक्यावर मी वर्षभर समाधान मानत आलो होतो.

गप्प मुलाला सांभाळलेले मूल समजण्याची आपली सवय जुनी आहे आणि तिचा इतिहास याच शहरांत घडलेला आहे. मुंबईच्या गिरण्यांत पाळीवर जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना अफूची गोळी देऊन झोपवीत. तिला बाळगोळी म्हणत. १९२० च्या दशकातल्या अहवालांत या प्रथेची नोंद आहे, आणि गिरण्यांनी पाळणाघरे काढावीत या मागणीमागे हे एक मोठे कारण होते. त्या आयांना दोष देणे सोपे आहे, पण दहा तासांची पाळी आणि सांभाळायला कोणी नाही, अशा स्थितीत मूल झोपलेले असणे हाच त्यांच्या दृष्टीने त्या दिवसाचा सुखरूप शेवट होता. आज अफू गेली. तिच्या जागी मावशीचा मोबाईल किंवा दुपारभर चालू असलेला टीव्ही आला. दोन्हींचे विष सारखे नाही, हे मला मान्य आहे. काम मात्र तेच आहे: एका प्रौढाला झेपणार नाहीत इतकी मुले एका खोलीत शांत ठेवणे.

म्हणून पाळणाघर पाहायला गेल्यावर आपण जे विचारतो, त्याकडे एकदा नीट पाहिले पाहिजे. खोलीला एसी आहे का, भिंतीवर चित्रे आहेत का, इंग्रजी बोलतात का, कॅमेरे आहेत का, दिवसभरात फोटो पाठवता का. यातल्या कॅमेऱ्याविषयी थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण प्रत्येक दुर्घटनेनंतर तोच उपाय म्हणून पुढे येतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईतल्या खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला मारहाण झाली आणि त्याचे चित्रीकरण सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. त्या चित्रीकरणामुळे पुरावा मिळाला, गुन्हा उभा राहिला, हे कॅमेऱ्याचे श्रेय निर्विवाद आहे. पण मारहाण चालू होती तेव्हा कॅमेराही चालू होता आणि त्याने कोणाचाही हात धरला नाही. २०२४ मध्ये बदलापूरच्या प्रकरणानंतर शाळांत कॅमेऱ्यांची सक्ती झाली, तेव्हाही हाच भेद विसरला गेला. कॅमेरा झालेली गोष्ट दाखवतो. ती होऊ न देण्यासाठी त्या खोलीत दुसरे एखादे मोठे माणूस लागते, आणि दोघींपैकी कोणीही इतकी थकलेली नसावी लागते की रडणाऱ्या मुलावर हात उठेल. फोटोंचे तर त्याहून वाईट आहे. वीस पालकांना दुपारी प्रत्येकी दोन फोटो हवे असतील, तर सेविकेचा अर्धा तास मुलांकडे मोबाईलच्या काचेतून पाहण्यात जातो, आणि ज्या लक्षाची खात्री पटावी म्हणून आपण फोटो मागतो तेच लक्ष आपण मुलाकडून काढून घेतो.

मग दर्जा मोजायचा कशाने? माझ्या मते त्याची मापे दोनच आहेत: एका मोठ्या माणसामागे मुले किती, आणि ते माणूस टिकते किती. पहिल्यासाठी निदान कागदावर आकडा आहे. २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तीन वर्षांखालील दर दहा मुलांमागे एक प्रशिक्षित सेविका आणि तीन वर्षांवरील दर वीस मुलांमागे एक, शिवाय मदतनीस, असे प्रमाण दिले आहे. हे किमान प्रमाण आहे आणि माझ्या मते तेही सैल आहे. दहा तान्ही एका बाईकडे असतील तर आग लागल्यावर ती दोघांना उचलेल. दुसऱ्या मापाविषयी कोणीच बोलत नाही. मुलाला कोण माणूस आपले आहे, हे कळायला महिने लागतात. कोणाला मुगाच्या खिचडीत कोथिंबीर चालत नाही, कोण शू झाल्याचे सांगायला लाजते, कोणाचा ताप आधी डोळ्यांत दिसतो, ही माहिती कोणत्याही प्रशिक्षणात मिळत नाही. ती एका ठरावीक मुलाजवळ बसून साठत जाते आणि मावशी नोकरी सोडून गेली की तिच्याबरोबर निघून जाते. त्यामुळे पाळणाघरात गेल्यावर विचारण्यासारखा सगळ्यांत उपयोगी प्रश्न असा आहे की या मावशी इथे किती वर्षे आहेत. त्याच्या खालोखाल, मुलाला न्यायला अनोळखी माणूस आले तर काय करता, हा.

मावश्या टिकत नाहीत याचे कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. एक काल्पनिक हिशेब मांडतो. समजा, एका पाळणाघरात पंधरा मुले आहेत आणि महिन्याची फी प्रत्येकी ३,००० रुपये आहे, म्हणजे जमा ४५,०००. उपनगरातल्या जागेचे भाडे १५,०००, खाणे, वीज, साबण, औषधे, मोडतोड यांचे ८,००० धरले तर उरतात २२,०००. एवढ्यात चालविणाऱ्या काकूंची मिळकत आणि दोन मावश्यांचे पगार बसवायचे आहेत. हे बसत नाही. मग दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर मुले पंचवीस होतात आणि मावशी एकच राहते, किंवा फी दुप्पट होते आणि पाळणाघर फक्त आयटीतल्या जोडप्यांचे उरते. पालकाला परवडेल ती फी आणि सेविकेला जगता येईल तो पगार यांच्यामधली दरी घरगुती काटकसरीने भरून निघत नाही. प्राथमिक शाळांच्या बाबतीत ती भरून काढायला आपण सरकारी तिजोरी वापरतो. मुलांचे सांभाळणे हे शिकवण्याहून कमी महत्त्वाचे काम आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी एकदा वीस मुलांना दुपारी एक ते सात सांभाळून पाहावे.

इथे एक आक्षेप हमखास येतो: आजी-आजोबा असताना हे सगळे कशाला? ज्या घरात ते आनंदाने होते तिथे त्याहून चांगले काही नाही. पण साठीनंतरच्या बाईने गुडघे दुखत असताना चार वर्षांच्या पोरामागे धावावे, आणि तिची इच्छा कोणी विचारूही नये, ही व्यवस्था प्रेमाच्या नावाखाली चालणारी बिनपगारी नोकरी आहे. शिवाय ज्यांचे आईवडील जालन्यात किंवा सांगोल्यात आहेत त्यांनी काय करायचे, याचे उत्तर त्यात नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. परवाना, तपासणी, दंड अशी व्यवस्था आणली तर स्वस्त घरगुती पाळणाघरे बंद पडतील आणि त्यांतली मुले अधिक चांगल्या ठिकाणी न जाता बंद घरात, थोरल्या बहिणीच्या भरवशावर राहतील. ही भीती खरी आहे. आज लहान पाळणाघरांवर देखरेख जवळजवळ नाहीच. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात मोजकेच कामगार असतील तर नोंदणीही लागत नाही, केवळ सूचना दिली की पुरते, आणि दोन मावश्या असलेल्या काकूंच्या बाबतीत तेवढीही सहसा घडत नाही. एकदम या टोकावरून परवान्याच्या टोकाला गेलो तर वॉर्ड ऑफिसच्या एका टेबलाची आवक वाढेल, याहून काही पदरात पडणार नाही. म्हणून मला नोंदणी हवी आहे ती देण्याघेण्याची. पाळणाघराने आपल्या मुलांची संख्या, माणसांची संख्या, पोलीस पडताळणी आणि मूल कोणाच्या हाती दिले याची वही दाखवावी. त्याबदल्यात पालिकेने विजेला आणि मालमत्ता कराला घरगुती दर द्यावा, मावश्यांना प्रथमोपचाराचे प्रशिक्षण फुकट द्यावे, आणि ‘सोसायटीत मुलांचा आवाज होतो’ म्हणून पाळणाघराला नोटीस देणाऱ्या गृहनिर्माण संस्थांना दोन शब्द सुनवावेत. लिफ्टच्या वापरावरून पाळणाघर हटवणाऱ्या सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये दुपारी कोणी नसते, हे आपण सगळेच पाहतो.

थोरल्या बहिणीचा उल्लेख वर आला तो मुद्दाम केला. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर काम केले, तेव्हा त्यांच्यापुढे हीच अडचण होती. आदिवासी मुली शाळेत येत नसत, कारण त्यांच्या कडेवर धाकटे भावंड असे. त्यांनी मुलींना उपदेश केला नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि तिला विकासवाडी म्हटले. मूल एका दारातून दुसऱ्या दारात जाई, पण हात आणि आवार बदलत नसे. मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत बांधकामाच्या जागेवर सुरू केलेल्या आणि पुढे मुंबई-पुण्यापर्यंत पोहोचलेल्या फिरत्या पाळणाघरांनीही तान्ह्यापासून शाळकरी वयापर्यंतची मुले एकत्रच धरली. कोसबाडच्या वारली मुलांसाठी आणि इमारती बांधणाऱ्या मजुरांच्या मुलांसाठी जे सुचले, ते त्या इमारतींत राहायला गेलेल्या आपल्या मुलांसाठी सुचले नाही, याची मला खरोखर गंमत वाटते.

आज पालिकेच्या हातात इमारती आहेत. मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर, कोल्हापूर इथल्या अनेक मराठी शाळांची पटसंख्या घसरली आहे आणि वर्गखोल्या रिकाम्या पडल्या आहेत. काही शाळा दोन सत्रांत भरतात, तिथे हे जमणार नाही. पण जिथे एकच सत्र आहे तिथे दुपारी एक ते सात दोन-तीन खोल्या आणि मैदान शाळेनंतरच्या मुलांसाठी उघडे ठेवायला भिंत बांधावी लागत नाही. मुलाला रिक्षात बसून दुसरीकडे जावे लागत नाही. तान्ही बाळे तिथे नसल्यामुळे सात वर्षांच्या मुलाला मोठ्याने हसता येते. शौचालय, पाणी, पोषण आहाराचे स्वयंपाकघर या गोष्टी बऱ्यावाईट अवस्थेत का होईना, तिथे असतात. हे काम शिक्षकांच्या गळ्यात मात्र मारू नये. त्यांच्याकडे जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत पुष्कळ आहे. त्यासाठी वेगळ्या सेविका हव्यात, त्यांना महिन्याचा पगार हवा, अंगणवाडी सेविकांसारखे मानधन नको. मानधन या शब्दाने त्या बायकांचे जे नुकसान केले, ते आझाद मैदानात पुष्कळदा ऐकून झाले आहे.

असे झाले तर पहिला दबाव पालकांकडूनच येईल, हे मला दिसते आहे. शाळेचीच इमारत आहे, मग गृहपाठ करून घ्या, मग पाढे घ्या, मग स्पर्धा परीक्षेचा तास सुरू करा. आजही पाळणाघराच्या जाहिरातीत अबॅकस आणि फोनिक्स ठळक असतात, आणि मुलाला कंटाळा आला तर त्याने काय करायचे याविषयी एक ओळ नसते. गृहपाठाला वीस मिनिटे द्यावीत, त्याहून अधिक एक मिनिटही देऊ नये, असे माझे मत आहे. चार तास सांगितलेले केल्यावर मुलाला काही न सांगितलेले करायला जागा लागते, आणि ती देताना लक्ष ठेवणारे माणूस शिकवणाऱ्या माणसापेक्षा कमी कौशल्याचे नसते. लगोरी कोणी मोडायची यावरून भांडण झाले की केव्हा मध्ये पडायचे आणि केव्हा पाठ फिरवून उभे राहायचे, हे ज्या बाईला कळते तिला मी कोणत्याही अबॅकस प्रशिक्षकापेक्षा जास्त पगार देईन.

आणखी एक अट मी त्यात घालीन. माझ्या मुलाला सांभाळणाऱ्या मावशींची स्वतःची मुलगी तेव्हा दुसरीत होती. ती साडेबाराला शाळेतून सुटे, गळ्यातल्या दोरीला बांधलेल्या किल्लीने घर उघडे आणि आई येईपर्यंत आतून कडी लावून बसे. मावशी हे मला सांगत होत्या तेव्हा माझ्या मुलाच्या बुटाची नाडी बांधत होत्या. तिला इथेच का आणत नाही, असे मी विचारले, तर त्या म्हणाल्या, काकू नको म्हणतात, एक फी बुडते. पालिकेच्या त्या खोलीत पहिली नावे सेविकांच्या मुलांची लिहावीत, आणि त्यांची फी घेऊ नये.